देवडीवरची फितुरी : व्हिडिओ कॉलच्या घंटेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/
‘हा कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे’ अशा अर्थाचे वाक्य आज बहुतेक व्हिडिओ कॉलच्या ॲपवर झळकते. वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. आणि अर्धे सत्य सांगून ग्राहकाला निश्चिंत करणे ही दूरध्वनीच्या धंद्यातली फार जुनी रीत आहे. हा धागा उरलेल्या अर्ध्याविषयी, म्हणजे कॉल लागण्यापूर्वी जे घडते त्याविषयी.

२/
जुन्या वाड्यात पाहुणा थेट सदरेवर जात नसे. तो देवडीवर थांबे, पहारेकरी आत वर्दी देई आणि आतून हुकूम आला की दार उघडे. व्हिडिओ कॉलमध्येही हेच दोन व्यवहार असतात. सदरेवरची बोलणी म्हणजे चित्र आणि आवाज. देवडीवरची वर्दी म्हणजे कोण आले आहे, कोणाला भेटायचे आहे, कोणत्या मार्गाने यायचे, उत्तर होकाराचे की नकाराचे, भेट संपली केव्हा. या दुसऱ्या व्यवहाराला तंत्रज्ञ सिग्नलिंग म्हणतात. मराठीत त्याला संकेतव्यवहार म्हणता येईल. एन्क्रिप्शनचे कुलूप सदरेला लागते. फितुरी मात्र पुन्हा पुन्हा देवडीवरच झालेली आहे.

३/
प्रारंभ एका दंतकथेपासून. अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्राउजर हा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा गृहस्थ होता. त्याच्याकडे येणारे दूरध्वनी एक्स्चेंजमधील ऑपरेटर बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळवत, असा त्याचा संशय होता. ती बाई प्रतिस्पर्ध्याचीच पत्नी होती, असेही सांगतात. कथेचा तपशील किती खरा हे बाजूला ठेवले तरी पुढचे कागदावर आहे : १० मार्च १८९१ रोजी स्ट्राउजरला स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्या पद्धतीचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. त्याची तक्रार कोणी बोलणे चोरून ऐकते अशी नव्हती. वर्दी भलत्याच घरी जाते, ही होती.

४/
स्ट्राउजरने मनुष्य काढून यंत्र बसवले. पण यंत्रालाही हुकूम द्यावा लागतो, आणि तो कोणत्या तारेवरून द्यायचा हा प्रश्न उरतोच. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या बेल कंपनीने लांब पल्ल्याच्या तारांवर याचे स्वस्त उत्तर काढले : ज्या तारेवरून माणसे बोलतात तिच्यावरूनच यंत्रांचे हुकूमही सुरांच्या रूपात पाठवायचे. २६०० हर्ट्झचा सूर वाजत असेल तर ती तार मोकळी आहे असे दूरचे यंत्र समजे. पुढचा क्रमांक जोडसुरांतून जाई.

५/
म्हणजे राजाचा हुकूम आणि पाहुण्याची बडबड एकाच खिडकीतून आत येऊ लागली. पाहुण्याने हुकुमाची नक्कल केली तर? ती करता येईल इतकी माहिती बेलनेच १९५४ आणि १९६० साली आपल्या तांत्रिक नियतकालिकात छापून ठेवली होती. जो एंगरेसिया नावाच्या अंध मुलाला तर नुसत्या शिट्टीने कॉल तोडता येतो हे लहानपणीच उमगले होते. पुढे न्याहारीच्या खोक्यातून फुकट मिळणारी एक खेळण्यातली शिट्टी नेमका तोच सूर काढते हे कळले आणि जॉन ड्रेपर ‘कॅप्टन क्रंच’ या नावाने प्रसिद्धीस आला. सुरांची नक्कल करणाऱ्या पेटीला ‘ब्लू बॉक्स’ म्हणत. ऑक्टोबर १९७१ च्या ‘एस्क्वायर’ मासिकातील लेख वाचून ज्या दोन तरुणांनी ती बनवून विकली, त्यांची नावे स्टीव्ह वॉझनियाक आणि स्टीव्ह जॉब्ज.

६/
ही गोष्ट सहसा येथेच थांबवतात : हुशार पोरे, मजेदार शिट्टी, पुढे ॲपल कंपनी. तिचा काळा उत्तरार्ध क्वचित सांगितला जातो. संकेतपद्धत सदोष आहे हे कळल्यावर बेलने आधी काय केले? १९६४ ते १९७० या काळात ‘ग्रीनस्टार’ या गुप्त योजनेखाली सुमारे ३ कोटी ३० लाख कॉल यंत्रांकरवी तपासले आणि त्यांतील १५ लाखांहून अधिक कॉलचे काही भाग ध्वनिमुद्रित केले. दरवाजा कच्चा निघाला म्हणून वाड्यात येणाऱ्या प्रत्येकाची झडती! ज्यांचे बोलणे मुद्रित झाले त्यांतील बहुतेकांनी ब्लू बॉक्स पाहिलाही नव्हता. चूक संकेतपद्धतीची आणि दंड ग्राहकाच्या खासगीपणाला, हा हिशोब पुढे वारंवार भेटतो.

७/
खरा इलाज १९७६ पासून आला : हुकमांसाठी वेगळी तार. त्यातूनच पुढे एसएस७ ही जागतिक संकेतप्रणाली घडली. शिट्टी निकामी झाली. मात्र नव्या वाटेवर पहारा ठेवला नाही, कारण त्या वाटेवर केवळ सरकारी आणि मक्तेदार दूरध्वनी कंपन्याच चालणार असे गृहीत धरले होते. आत आलेला प्रत्येक जण आपलाच, हा तो भरवसा. मक्तेदाऱ्या मोडल्या, देशोदेशी शेकडो कंपन्या झाल्या, आणि त्या वाटेवरचा प्रवेश विकत वा भाड्याने मिळू लागला.

८/
टोबियास एंगेल याने २००८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत, केवळ क्रमांकावरून फोनचा ठावठिकाणा कसा काढता येतो हे दाखवले. २०१४ मध्ये त्याने आणि कार्स्टन नोल याने कॉल आणि संदेश वळवण्याचीही वाट दाखवली. तरी ‘हे प्रयोगशाळेतले खेळ’ असा सूर निघत राहिला. मग २०१७ मध्ये जर्मनीत ओटू-टेलिफोनिका कंपनीने मान्य केले की चोरांनी एसएस७ मधून बँकेचे ओटीपी वळवून तिच्या ग्राहकांची खाती रिकामी केली. कोणाचाही फोन हॅक झाला नव्हता. ओटीपी स्ट्राउजरच्या कॉलप्रमाणे दुसऱ्याच दारी गेले होते.

९/
आता इंटरनेटकडे. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एच.३२३ ही व्हिडिओ परिषदेची प्रणाली प्रसिद्ध केली. तिचा कॉल लावण्याचा सांगाडा आयएसडीएन दूरध्वनीतून उचललेला होता. त्याच सुमारास हेनिंग शुल्झरिना, मार्क हँडली आणि सहकाऱ्यांनी अगदी वेगळी वाट धरली : वेबसारखी, साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांची. ती एसआयपी. मार्च १९९९ मध्ये पहिले मानक, जून २००२ मध्ये सुधारित, २६९ पानांचे. तिचे शब्द पाहिले तरी देवडी डोळ्यांपुढे येते : इन्व्हाइट, रिंगिंग, ओके, बाय.

१०/
एसआयपी ही सुंदर रचना होती हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावे. पण तिच्या ‘फ्रॉम’ या ओळीत कॉल करणारा स्वतःचे नाव स्वतःच लिहितो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही काहीही लिहावा, तसे. नाव खरे आहे याची हमी देण्याची जी सोय २००२ मध्ये जोडली गेली ती ‘विश्वासू जाळ्या’च्या आतच चालावी अशी होती. म्हणजे पुन्हा मंडळाच्या सभासदांवरचा तोच भरवसा, जो एसएस७ ला भोवला.

११/
उघड्या देवडीवर कोण येते याचे उत्तर फेब्रुवारी २०११ मध्ये मिळाले. ‘सॅलिटी’ या बॉटनेटने सुमारे ३० लाख आयपी पत्त्यांवरून, १२ दिवसांत, इंटरनेटचा तेव्हाचा सारा पत्तासंग्रह चाळला. शोध कशाचा, तर एसआयपी सर्व्हरचा. चाळणी इतक्या सावकाश आणि विखुरलेली होती की एखाद्या जाळ्याच्या राखणदाराला ती जाणवणेही कठीण. संशोधकांना ती सापडली ती इंटरनेटच्या एका रिकाम्या, कोणी न वापरलेल्या पत्त्यांच्या पट्ट्यावर.

१२/
आणि जानेवारी २०१२. रॅपिड७ या कंपनीचा संशोधक एच. डी. मूर याने इंटरनेटच्या जेमतेम ३ टक्के भागात एच.३२३ यंत्रे शोधली. दोन तासही लागले नाहीत. सुमारे ५,००० सभागृहे सताड उघडी सापडली : वकिलांच्या कचेऱ्या, औषध कंपन्या, तेलशुद्धीकरण कारखाने, विद्यापीठे, रुग्णालये. एक खोली तुरुंगातील होती, जेथे कैदी आपल्या वकिलाला भेटतो. या यंत्रांना कॉल आला की ती आपोआप उचलत. संकेतशब्द फोडावा लागला नाही, कारण विचारलाच गेला नव्हता.

१३/
यंत्र विकणाऱ्यांची बाजू अशी होती की ग्राहकाने नीट मांडणी करायला हवी होती. हा युक्तिवाद येथेच निकालात काढायला हवा. पाहुणा आला की मालकाला न विचारता दार उघडायचे, ही सवय यंत्राला लावली कोणी? बैठका सुरू होताना कोणाला बटण दाबण्याचे कष्ट नकोत म्हणून ती सोय करण्यात आली होती. सोयीचा दोष ग्राहकाच्या माथी मारणे म्हणजे कडी न बसवता घर विकायचे आणि चोरी झाल्यावर घरमालकाला कडी का लावली नाही म्हणून विचारायचे.

१४/
‘पण तेव्हा एन्क्रिप्शन नव्हते’ हा पुढचा बचाव. होते की! आवाज-चित्राला कुलूप घालणारी एसआरटीपी ही पद्धत मार्च २००४ मध्येच प्रसिद्ध झाली होती. मेख अशी की कुलपाची किल्ली समोरच्याला पाठवायची कशी? २००६ मध्ये मान्य झालेल्या एसडीईएस या पद्धतीत किल्ली थेट वर्दीच्या चिठ्ठीत लिहून जाई. चिठ्ठी ज्या ज्या सर्व्हरच्या हातून जाते त्या प्रत्येकाला ती वाचता येते. चिठ्ठी उघड्या मार्गाने गेली, तर वाटेवरच्या कोणालाही. सदरेला भक्कम कुलूप आणि त्याची किल्ली देवडीवरच्या खुंटीला. आणि असे कॉल ‘एन्क्रिप्टेड’ म्हणून विकता येत होते.

१५/
ब्राउझरमध्ये व्हिडिओ कॉल आणणाऱ्या वेबआरटीसीने हा प्रकार स्पष्ट शब्दांत मना केला, हे तिचे श्रेय. गूगलने २०११ मध्ये तिचा कोड खुला केला. २६ जानेवारी २०२१ रोजी तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात किल्ली दोन्ही टोके आपसांत ठरवतात. मात्र समोरचे टोक खरे आहे हे ओळखण्याची खूण, म्हणजे त्याचा ‘फिंगरप्रिंट’, येतो वर्दीबरोबरच. सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती खूण बदलली तर दोघेही निर्धास्तपणे मधल्या तिसऱ्याशी बोलत राहतील. फिल झिमरमन यांच्या झेडआरटीपीने यावर जुना, पण खणखणीत उपाय दिला होता : दोघांनी पडद्यावरचे छोटे शब्द एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचे. टेलिग्रामच्या कॉलवर दिसणारी चार चित्रे त्याच हेतूची. ती ताडून पाहणारा वापरकर्ता मात्र विरळा.

१६/
आणि येथे या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय येतो. वेबआरटीसीने आवाज, चित्र, किल्ली, मार्ग, सारे काही ठरवून दिले. संकेतव्यवहार मात्र जाणूनबुजून मोकळा सोडला. ज्याला जे रुचेल ते त्याने वापरावे. हेतू चांगला होता : जुनी एसआयपी कोणावर लादायची नव्हती. परिणाम असा झाला की प्रत्येक ॲपने आपली देवडी स्वतः बांधली. अनेकदा तिचा नकाशा जाहीर झाला नाही आणि बाहेरच्या कोणी तो तपासला नाही. बेलने आपले सूर छापून चूक केली असे म्हणणाऱ्यांनी, नकाशा लपवल्याने काय साधले तेही पाहावे.

१७/
२८ जानेवारी २०१९ रोजी जगाला कळले की फेसटाइमवर कॉल लावून, समोरच्याने उचलण्याआधी, त्यात स्वतःचाच क्रमांक जोडला की समोरच्याचा मायक्रोफोन सुरू होतो. प्रणालीला वाटे, समूह-कॉल सुरू झाला. दोष सापडला तो ॲरिझोनातील १४ वर्षांच्या मुलाला, मित्रांना खेळासाठी बोलावताना. त्याची आई त्याआधी आठवडाभर ॲपलला कळवण्याची खटपट करत होती. बातमी पसरल्यावर मात्र समूह-फेसटाइम तत्काळ बंद झाले, आणि ७ फेब्रुवारीला दुरुस्ती आली. या सर्व काळात फेसटाइमचे एन्क्रिप्शन शाबूत होते. चोरून ऐकलेला आवाजही एन्क्रिप्ट होऊनच गेला.

१८/
गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधील नॅटली सिल्व्हानोविच यांनी मग सात ॲपच्या देवड्या तपासल्या. त्यांना पाच दोष सापडले : सिग्नल, गूगल ड्युओ, फेसबुक मेसेंजर, व्हिएतनामचे मोचा, आणि रिलायन्सचे जिओचॅट. प्रत्येकात कॉल करणाऱ्याला, समोरच्याच्या संमतीवाचून, त्याच्या फोनकडून आवाज किंवा चित्र काढून घेता येत होते. सिग्नलचा दोष तर पाठ्यपुस्तकात घालावा असा. ‘कॉल जोडला गेला’ हा निरोप घेणाऱ्याकडून करणाऱ्याकडे जायचा. तोच उलट दिशेने पाठवला की घेणाऱ्याचा फोन स्वतःच उत्तर देई. म्हणजे पाहुण्यानेच आतल्या आवाजात ‘येऊ द्या’ म्हणावे आणि पहारेकऱ्याने दार उघडावे. साठ वर्षांपूर्वीच्या शिट्टीत आणि यात तत्त्वतः काय फरक आहे?

१९/
हे सर्व दोष २०१९ ते २०२० मध्ये दुरुस्त झाले. टेलिग्राम आणि व्हायबरमध्ये असा दोष आढळला नाही, हेही नोंदले पाहिजे. पण सिल्व्हानोविच यांनी एक गोष्ट स्वतःच सांगून टाकली होती : तपासणी फक्त दोघांमधील कॉलची झाली, समूह-कॉलची नाही. त्याच वर्षी सारे जग टाळेबंदीत समूह-कॉलवर शाळा, न्यायालये आणि लग्ने भरवत होते.

२०/
ज्यांना हे अजूनही खेळ वाटतात त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपचे प्रकरण. एप्रिल-मे २०१९ मध्ये सुमारे १,४०० जणांच्या फोनवर एनएसओ या इस्रायली कंपनीचे पेगॅसस पाठवले गेले. कसे? व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल केलेल्या दाव्यानुसार, घातक कोड कॉल लावण्याच्या संकेतात, मांडणीचा तपशील म्हणून दडवून. फोन वाजला, उचलला नाही, तरी काम झाले. भारतातील १२१ वापरकर्त्यांबाबत व्हॉट्सॲपने सरकारला कळवले होते. पत्रकार, मानवाधिकार कार्यकर्ते आणि भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपींचे वकील अशांनी आपल्याला व्हॉट्सॲपचा इशारा आल्याचे जाहीर केले. त्यांत नागपूरचाही एक वकील होता. ज्या वकिलाचे पक्षकाराशी बोलणे कायद्याने संरक्षित, त्याच्या दारी फितुरी वाजत आली, एका मिस्ड कॉलच्या रूपात.

२१/
डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरले. मे २०२५ मध्ये ज्युरीने सुमारे १६ कोटी ७० लाख डॉलरचा दंडात्मक भुर्दंड सुनावला. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी तो सुमारे ४० लाखांवर आणला आणि एनएसओला व्हॉट्सॲपला लक्ष्य करण्यास कायमची मनाई केली. निकाल योग्यच. पण खटला व्हॉट्सॲपचा होता, फिर्यादीही तोच, आणि नुकसानभरपाईही त्याचीच. ज्यांचे फोन फोडले गेले ते या हिशोबात कोठेच नाहीत.

२२/
याहून सौम्य, पण सार्वत्रिक धोका वर्दीच्या नोंदवहीत आहे. कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ कॉल केला हे देवडीला कळतेच. १९७९ मध्ये ‘स्मिथ विरुद्ध मेरीलँड’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की डायल केलेल्या क्रमांकांना घटनात्मक खासगीपणाचे संरक्षण नाही, कारण ते ग्राहकाने स्वतःहून कंपनीला सांगितलेले असतात. जून २०१३ मध्ये स्नोडेन प्रकरणातील पहिली बातमी नेमकी याच नोंदींची होती. वर्दी क्षुल्लक असती तर ती गोळा करण्याचा इतका खटाटोप कोणी केला असता?

२३/
भारतात ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली व्हिडिओ कॉलवर गणवेशधारी तोतये वृद्धांना लुबाडतात, तेव्हा ‘लोक भोळे आहेत’ असे म्हणून विषय संपवला जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशातून येणारे, पण भारतीय क्रमांक दाखवणारे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने सुरू केली. पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडले. एका दिवसात इतकी खोटी नावे देवडीवरून आत जात होती. त्याआधीची वर्षानुवर्षे ती जातच होती, आणि फोन उचलणाऱ्याला भोळा म्हटले जात होते.

२४/
तेव्हा मागणी साधी आहे. ॲप बनवणाऱ्यांनी आपला संकेतव्यवहार जाहीर करावा आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा. होकार मिळेपर्यंत कॅमेरा-मायक्रोफोनकडून काहीही बाहेर जाणार नाही, हे घेणाऱ्याच्या फोनने स्वतः ठरवावे, समोरून आलेल्या निरोपावर नव्हे. अनोळखी व्यक्तीच्या संकेतातला मजकूर फोनने उलगडावाच का, याचेही उत्तर द्यावे. आणि नोंदवही किती दिवस ठेवतात ते एन्क्रिप्शनच्या वाक्याइतक्याच ठळक अक्षरांत छापावे.

२५/
‘हे उघड केले तर चोरांचेच फावेल’ हा आक्षेप येईल. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने त्याचे उत्तर अगोदरच दिले आहे. त्या कायद्यानुसार व्हॉट्सॲपसारख्या बड्या सेवांनी इतर सेवांना जोडून घेण्याच्या तांत्रिक अटी प्रसिद्ध करायच्या आहेत. आधी संदेश, आणि सप्टेंबर २०२३ च्या नामनिर्देशनापासून चार वर्षांच्या आत आवाजाचे व व्हिडिओचे कॉल. देवडीचे नकाशे मागणारा असा कायदा भारतात नाही.